परत केलेला घास

सवतीबद्दल चार शब्द चांगले बोलणारी बाई एकतर लबाड असते, नाहीतर म्हातारी झालेली असते, असं माझी आई म्हणायची. माझे दात अजून सगळे शाबूत आहेत. तेव्हा काय समजायचं ते तुम्ही समजा.

आमच्या घरात नवरा एक आणि बायका दोन. थोरली सेनाबू, धाकटी मी, मारेम. पहिल्या बायकोला आमच्याकडे 'आवो' म्हणतात आणि हाकही तशीच मारतात. अठरा वर्षं मी तिला याच नावाने हाक मारत आले. कधी प्रेमाने, बऱ्याचदा दात-ओठ खाऊन. ती इथलीच, योफच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांची लेक. मी आतल्या मुलखातली, बाओलची, जिथे नजर जाईल तिकडे भुईमूग. स्वयंपाक आम्ही दोन-दोन दिवस वाटून घेतलेला. तिच्या दोन दिवसांत मी चुलीकडे फिरकायचं नाही, माझ्या दोन दिवसांत तिने.

थोरली होती देखणी, आणि होती भरभक्कम. तिचा निळा झगा आधी दारातून आत यायचा आणि ती मागाहून. लग्नाकार्यात ती बसली की बाकीच्या बायका तिच्याभोवती उगाच उभ्या केलेल्या काठ्यांसारख्या दिसायच्या. मीही काठीच. मला तिच्या त्या भरलेपणाचा हेवा वाटायचा, हे आता सांगायला हरकत नाही.

पण त्या भाराने तिचे गुडघे खाल्ले. पन्नाशीनंतर ती चटईवर बसेनाशी झाली. आम्ही सगळ्या एकाच परातीभोवती चटईवर बसायचो आणि ती लाकडी ठोकळ्यावर, वरून हात खाली घालून जेवायची. नमाजही खुर्चीवर बसून. सात वर्षं तिचं कपाळ जमिनीला टेकलं नव्हतं. त्याबद्दल ती कधी तक्रार करत नसे, फक्त आम्ही सजद्यात गेलो की डोळे मिटून घ्यायची. मी एकदा चोरून पाहिलं होतं.

डॉक्टर म्हणाले, डावा गुडघा पार झिजलाय, बदलावा लागेल. परदेशी सर्जनांचं पथक वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या तोंडावर मोठ्या दवाखान्यात येतं. त्यांच्या यादीत नाव घालू. मात्र वजन पंच्याण्णव किलोच्या खाली हवं. थोरलीचं भरलं एकशे बारा.

"आणि यंदा नाही जमलं तर?" तिने विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू. पण तोवर तुम्ही चालत याल असं मला वाटत नाही."

घरी येऊन ती म्हणाली, "म्हणजे मला चाकाच्या खुर्चीत घालून दाराशी ठेवाल. येणाराजाणारा सलाम करेल आणि पुढे जाईल." एवढं बोलून ती कोबी चिरायला बसली.

जानेवारीत तिने सुरुवात केली. गुडघ्यामुळे रस्त्यावर चालणं शक्य नव्हतं, म्हणून आमच्या वस्तीतल्या दवाखान्यातल्या नर्स रोझालीबाई फाय यांनी तिला समुद्रात घातलं. पहाटेच्या नमाजानंतर किनाऱ्यावर निम्मं योफ पळत-उड्या मारत असतं. त्या गर्दीतून थोरली जुना झगा घालून छातीभर पाण्यात जायची आणि अर्धा तास पाण्यातच चालायची. पाण्यात गुडघ्यावर भार येत नाही म्हणे. शिवाय साखर बंद, तळण बंद, भात मोजका. काय खाल्लं ते रोज वहीत लिहायचं, आणि दर गुरुवारी वजन.

काटा उतरू लागला. एकशे आठ. एकशे चार. मार्चमध्ये एकशे एक. शेजारची बिंता, जिला स्वतःच्या घरी कधी भूक लागत नाही आणि आमची परात मांडली की लागते, ती तिला पाहून म्हणाली, "आवो, झगा लोंबायला लागला गं. नवऱ्याने नजर फिरवली की काय?"

"नवऱ्याची नजर कधीच अधू झाली," थोरली म्हणाली. "तू जेव."

आणि मग काटा थांबला. एकशे एक. पुढच्या गुरुवारी एकशे एक. सात गुरुवार एकशे एक. तीच पहाट, तोच समुद्र, तीच वही, आणि काटा तिथेच खिळा ठोकल्यासारखा. मे महिना उजाडला. थोरली घरी आली की झगा वाळत घालायची आणि कुणाशी न बोलता खोलीत जायची.

माझ्या मनात काय आलं ते सांगते. मला वाटलं, ही चोरून खाते. कपाटात बिस्किटं असणार. मी एकदा तिच्या खोलीत झाडायच्या निमित्ताने कपाट उघडून पाहिलंही. त्यात औषधं होती, आणि सात वर्षांपूर्वीची तिची नमाजाची चटई, गुंडाळून, वर स्वच्छ कापड बांधून ठेवलेली. मी कपाट लावून टाकलं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. बिस्किटं शोधत होते मी, आणि तेलाचा डबा माझ्याच हातात होता. थोरली तिच्या दोन दिवसांत मासे-भात नुसत्या भाज्यांच्या रसात शिजवायची. बेचव लागला तरी कुणी काही बोलत नसे. ती आवो, तिला कोण बोलणार? पण मी धाकटी. मी तेल कमी केलं तर वस्ती म्हणणार, बाओलवाली सवतीला उपाशी मारते. आमच्याकडे शेंगदाण्याच्या रश्श्याला, माफेला, वर बोटभर तेलाचा तवंग हवाच. नाहीतर पाहुणा समजतो की आपण नकोसे झालोय. म्हणून माझ्या दिवशी मी पूर्वीसारखीच सढळ हाताने ओतत होते. आणि परातीतला मासा मोडून ज्याच्या त्याच्या पुढ्यात सारायचं काम स्वयंपाक करणारीचं, त्यात सगळ्यांत चांगला तुकडा आवोचा. तो मी तिच्या पुढ्यात सारत होते. खायचं नसेल तर ठेवेल बाजूला, मोठी बाई आहे, असं मी स्वतःला सांगत होते. ती ठेवत नव्हती. शेवटच्या शितापर्यंत पुसून खात होती. मनातल्या मनात मी म्हणायचे, बघा, जीभ काही सुटत नाही बाईची.

आठव्या गुरुवारी तिची मुलगी कामाला गेली होती म्हणून दवाखान्यात मी सोबत गेले. काटा एकशे एक. रोझालीबाई खुर्चीत मागे टेकल्या.

"वही वाचा बघू. या आठवड्याची."

थोरली वही आमच्या भाषेत पण अरबी अक्षरांत लिहायची, मदरशात शिकलेली. रोझालीबाई पडल्या ख्रिस्ती, त्यांना ती अक्षरं येत नाहीत, म्हणून दर वेळी थोरली स्वतःच वाचून दाखवायची. त्या दिवशी ती चष्मा घरी विसरली होती.

"मग या वाचतील," रोझालीबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या.

"राहू दे," थोरली घाईने म्हणाली. "तिला माझं अक्षर लागायचं नाही."

मला कुणी 'येत नाही' म्हटलं की माझं डोकं फिरतं. मी वही ओढून घेतली. "शुक्रवार. माझा दिवस. चार घास भात, वांगं, माशाचा अर्धा तुकडा. शनिवार. माझा दिवस. ज्वारीची लापशी, दही, साखर नाही." पान उलटलं. "रविवार. मारेमचा दिवस. तीन घास भात. भोपळ्याची फोड. मटण नाही. रस्सा नाही."

मी थांबले. रविवारी मी माफे केलं होतं. मटणाचे तीन तुकडे आणि नळीचं हाड मी माझ्या हाताने तिच्या पुढ्यात सारलं होतं, आणि तिने नळी आपटून आतलं सगळं खाल्लं होतं.

"पुढे?"

"सोमवार. मारेमचा दिवस. थोडा भात. तेल कमी."

मी मागची पानं चाळली. सगळीकडे तेच. तिच्या दिवसांचं खरं लिहिलेलं, माझ्या दिवसांचं खोटं. जानेवारीपासून. थोरली खिडकीबाहेर बघत होती.

रोझालीबाईंनी सुस्कारा सोडला. "म्हणजे खाण्यात काही चुकत नाहीये. मग दुसरंच काही असेल. मी कळवते, यंदा यादीतून नाव काढा. रक्त तपासू, पुढच्या वर्षी बघू."

थोरलीने मान हलवली. बरं म्हणाली. गुडघा गेला तरी चालेल, पण ती तोंड उघडणार नव्हती.

"बाई, हे खोटं आहे," मी म्हणाले.

"मारेम, गप्प बस."

"नाही बसणार. बाई, माझ्या दिवशी ती सगळं खाते. मी एका वेळेला अर्धा लिटर तेल घालते. मटण घालते, ते तिलाच जास्त वाढते. तिची चूक नाही. मीच वाढते, मीच."

रोझालीबाईंनी आळीपाळीने आम्हा दोघींकडे पाहिलं. मग कागदावर न लिहिताच पेन खाली ठेवलं. "आधी एकशे बाराचं शरीर होतं," त्या म्हणाल्या. "निम्मे दिवस कमी खाल्लं तरी उतरायचं. आता शरीर हलकं झालं, थोडक्यात भागवायला शिकलं. आता निम्मे दिवस नाही पुरणार. आणि समुद्राचंही तेच. रोज तेवढंच, त्याच चालीने चालता, शरीराला सवय झाली. आता गुडघा उचलून, भरभर चाला. घरी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं, दिवसातून तीनदा. पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलायच्या. स्नायू झाला तर खाल्लेलं जळतं." मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही, तो डबा उंच फळीवर ठेवा."

"किती दिवस आहेत?" मी विचारलं.

"आठ आठवडे. सहा किलोच्या वर उतरवायचेत. मी नाव काढत नाही अजून."

घरी येताना थोरली होड्यांच्या कट्ट्यावर टेकली. मी उभीच राहिले. राग आला होता, कुणाचा ते कळत नव्हतं.

"का खाल्लं?" मी म्हणाले. "सरळ 'नको' म्हणायचं. तुमचं तोंड काय मी धरून ठेवलं होतं?"

"तू या घरात आलीस त्याचा तिसरा आठवडा आठवतो?"

"नाही."

"मला जुलाब झाले होते. तुझ्या परातीत जेवल्यावर."

तेव्हा आठवलं. तीन दिवस ती अंथरुणावर होती. वस्तीत कुजबूज सुरू झाली, नव्या बायकोने काहीतरी घातलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची, भीतीने मला माझ्याच हातचं अन्न गिळवत नव्हतं. चौथ्या दिवशी थोरली उठली, सगळ्यांच्या आधी माझ्या परातीशी येऊन बसली आणि अंगण भरलेलं असताना पोटभर जेवली. कुजबूज त्या दिवशी संपली.

"मला वाटलं, आजारातून उठलात, भूक लागली असेल," मी म्हणाले.

"भूक!" थोरली हसली. "पोटात नुसती आग होती गं. पण त्या दिवशी ठरवलं, तुझ्या हातचा घास मी परत करायचा नाही. सवतीने सवतीचा घास परत केला की लोक एकच अर्थ काढतात. तुझ्या मुलींची लग्नं व्हायचीत अजून. विषारी हाताची मुलगी कोण करून घेईल?"

"आणि वहीत खोटं?"

"खरं लिहिलं असतं तर ते तुझ्याविरुद्ध लिहिल्यासारखं झालं असतं."

मला रडू आलं. रडता रडता मी तिला रागावले, कारण रागावल्याशिवाय मला रडता येत नाही. "आवो, तुम्ही वेड्या आहात," मी म्हणाले. "अगदी ठार वेड्या." ती म्हणाली, "हात दे, उठव मला."

दुसऱ्या दिवशीपासून डबा उंच फळीवर गेला. पुरुषांची परात अंगणाच्या पलीकडे मांडतात, तिकडून आमचे मालक, अलसान न्दोय, ओरडले, "आज शेंगदाणे संपावर गेले काय गं?"

"हो, आणि स्वयंपाकीणही जाणार आहे. खा गपचूप!"

बिंताने बोट रश्श्यात बुडवून डोळ्यांजवळ नेलं. "तवंग दिसत नाही. सवतीला वाळवायचा विचार आहे वाटतं."

"आहेच," मी म्हणाले. "सहा किलो. मोजून." असं बोलायला अठरा वर्षं लागली मला, पण एकदा बोलल्यावर काही आकाश कोसळलं नाही.

समुद्रातही मी जाऊ लागले. आम्ही बाओलची माणसं, विहिरीच्या पाण्यालाही सांभाळून असतो. लाट आली की मी थोरलीचा झगा दोन्ही हातांनी धरायचे. ती म्हणायची, "सोड, मी चालायला आलेय, तुला वाहायला नाही." मग मीच मोठ्याने आकडे मोजायचे, ती गुडघे उचलायची, आणि मी तिच्या मागे दात वाजवत चालायचे. घरी खुर्चीवरून उठणं-बसणं. पहिल्या दिवशी चार वेळा उठली आणि घामाने निथळली. तिसऱ्या आठवड्यात दहा. बाटल्या उचलताना ती त्यांना नावं द्यायची. एक बिंता, एक बिंताची जीभ. जीभ जड आहे म्हणायची.

शंभर. साडेअठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. शेवटचा आठवडा राहिला तेव्हा शहाण्णवच्या वर दोन ठिपके.

तेल कमी झालं होतं, पण माझ्या दिवशी पुढ्यात सारलेलं ती अजूनही संपवत होतीच. मी तुकडे लहान करून पाहिले. पण त्या शुक्रवारी ते जमणार नव्हतं. मालकांची बहीण रुफिस्कहून आली होती, बिंता होतीच, आणि परातीच्या मधोमध अख्खा थिओफ मासा होता. त्याचं डोकं आवोचं, गालाच्या मांसासकट. पाहुण्यांसमोर ते दुसऱ्या कुणाला देणं म्हणजे तिच्या तोंडात मारणं. मी डोकं मोडलं आणि तिच्या पुढ्यात सारलं. मनात म्हटलं, गेला आठवडा.

थोरलीने ते पाहिलं. मग दोन बोटांनी भातावरून ते हळूच ढकलत ढकलत माझ्या पुढ्यात आणून ठेवलं.

"हे तू खा, मारेम. मला पुरे."

नणंदेचा हात तोंडाशी थांबला. पोरी माझ्याकडे बघू लागल्या. बिंता तर अशा घासासाठी अठरा वर्षं आमच्या परातीशी बसली होती.

"का गं आवो?" ती गोड आवाजात म्हणाली. "भीती वाटली की काय?"

थोरलीने गाजराचा तुकडा उचलला, चावला, गिळला. मगच बोलली.

"भीती होती, म्हणून अठरा वर्षं एक घास परत केला नाही. तुमच्या तोंडांची भीती. आता ती गेली. ही माझी धाकटी बहीण आहे, तिला मी 'नको' म्हणू शकते. तुझ्या घरी आहे असं कुणी, जिला तू नको म्हणशील?"

बिंता जेवली मात्र पूर्ण. मी ते माशाचं डोकं खाल्लं, गालासकट. काय चव होती, मला काही कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी काटा चौऱ्याण्णवच्या वर, पंच्याण्णवच्या खाली थांबला. रोझालीबाईंनी दोनदा पाहिलं, काटा हलवून पुन्हा पाहिलं. पंधरा दिवसांनी गुडघा बदलला, कपाटातली चटई खाली आली, आणि थोरलीने कपाळ टेकलं ते इतका वेळ की मला भीती वाटली. हे सगळं योफला माहीत आहे. माहीत नाही ते फक्त त्या गुरुवारचं, वजन झाल्यानंतरचं.

"वही," रोझालीबाई म्हणाल्या.

थोरलीने ती माझ्याकडे दिली. "तू वाच. मी चष्मा विसरले."

मी वाचू लागले. "शुक्रवार. मारेमचा दिवस. पाहुणे होते. पाच घास भात, गाजर, कोबी. माशाचं डोकं परत दिलं. मारेमला वाईट वाटलं नाही. मारेमचा हात चांगला आहे, पहिल्या दिवसापासून चांगला होता."

रोझालीबाई हसून म्हणाल्या, "अहो, काय खाल्लं तेवढंच लिहायचं असतं. हे पुढचं कशाला?"

"ते तुमच्यासाठी नाही, बाई," थोरली म्हणाली. "आज ती वाचणार होती."

तिची पिशवी माझ्याच मांडीवर होती. तोंड उघडं होतं, आणि आत वरच तिचा चष्मा होता.